बोगिमबाईंच्या दोन पाट्या

दक्षिण कोरियातल्या जेचॉन शहरातल्या एका मध्यम आकाराच्या किराणा दुकानात भाजी विभागाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय: मालाच्या उगमस्थानाची नोंद – जबाबदार व्यक्ती: बांग बोगिम. अकरा वर्षांपूर्वीचा कागद आहे. शाई फिकटली, बाई एकसष्टीच्या झाल्या आणि त्यांचा डावा गुडघा कामातून गेला.

काम सांगायला सोपं. मुळा कुठल्या जिल्ह्यातला, लसूण देशी की परदेशी, हे जाड मार्करने लिहून ज्या त्या मालावर लावायचं. खोकं बदललं की पाटी बदलायची. दिवसातून पन्नासदा वाकायचं.

छुसॉकला चार दिवस उरले होते. या सणाला पितरांपुढे जे पान मांडतात त्यात कोसारीची भाजी लागतेच. कोसारी म्हणजे डोंगरातल्या नेच्याचे कोवळे कोंब, उकडून वाळवलेले. दुकानात ते रात्रभर भिजवून टबात ठेवतात. एका टबात देशी, दुसऱ्यात चिनी. देशीचा भाव तिप्पट. एरवी लोक चिनी मुकाट्याने खातात, पण पितरांसाठी देशीच मागतात.

सकाळी बोगिमबाईंनी दोन्ही टब पाणी बदलायला मोरीत नेले. शाई ओघळू नये म्हणून पाट्या काढून ॲप्रनच्या खिशात टाकल्या. तेवढ्यात मालकांनी कोबीची खोकी उतरवायला हाक मारली. वीस मिनिटांनी त्या परत आल्या, पाणी बदललं, टब जागेवर ठेवले. डावीकडे देशी ही रोजची सवय. पाटी चिमट्यात अडकवताना हात थांबला. मोरीतून डावा टब आधी उचलला की उजवा?

टब दोन्ही लाल, नवे, एकाच मापाचे.

कोंबाच्या टोकावरून एरवी कळतं. आपल्याकडे कोंब हाताने मोडतात, टोक वेडंवाकडं राहतं. तिकडून येणारे सुरीने कापलेले असतात. पण टोकं चिवट लागतात अशी गेल्या वर्षी तक्रार आली होती, म्हणून बोगिमबाईंनी आदल्या संध्याकाळी दोन्ही टबांतली टोकं कात्रीने छाटून टाकली होती. नीटनेटकी.

मालक प्यो त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी दोन्ही टबांत बोटं घालून पाहिली.

"डावा देशी. सरळ दिसतंय."

"कशावरून?"

"रंगावरून."

"मग मालक, पाटी तुमच्या हाताने लिहा. भिंतीवर नावही तुमचं लावा."

प्योंनी ओली बोटं पुसली. मग म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

"दोन्हीवर चीन लिहिते. चिनीच्याच भावात."

"अहो बाई, एक टब आपला आहे! म्हणजे तेही खोटंच की!"

"खोटंच. पण त्याची तक्रार करायला कोणी येणार नाही."

"सणाच्या तोंडावर बुडवताय मला. महिनाअखेरीला तुमचा करार संपतोय, आठवतंय ना?"

"गुडघा रोज आठवण करून देतो," बोगिमबाई म्हणाल्या आणि मार्करचं टोपण काढलं.

अकराच्या सुमारास कुक आडनावाच्या आजी आल्या. नवरा गेल्यापासून दर सणाला याच दुकानातून कोसारी नेतात.

"हे काय गं, देशी संपली?"

"संपली नाही आजी. कुठली कुठली ते मला सांगता येत नाही आज. घोटाळा झाला माझ्याकडून."

"मग अंदाजाने दे की! तुझा अंदाज मला चालतो."

"अंदाजाने नाही देत."

आजींनी कोंब चिमटून पाहिले, हुंगले. "म्हातारपण लागलं तुला. घाल, यातलेच घाल मूठभर. आमच्या ह्यांना जिवंतपणी मुळा आणि सलगम यातला फरक कळला नाही, आता काय कळणार!"

मागची तरुण बाई हसली. "मावशी, मलाही त्याच टबातलं द्या. स्वस्तात देशी मिळाली तर मिळाली."

बातमी रांगेत पसरली. चारपर्यंत दोन्ही टब रिकामे झाले.

बोगिमबाई टब घासायला बसल्या. डाव्या टबाच्या तळाशी एक कोंब चिकटून राहिला होता. कात्रीतून सुटलेला. टोक वेडंवाकडं, हाताने मोडलेलं.

म्हणजे डावा टब देशीच होता. सवयीने लावली असती तरी पाटी बरोबर ठरली असती.

त्यांनी कोंब तोंडात टाकला. बराच वेळ चावला. चिवट होता.

प्यो किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभे होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"सोमवारी नव्या कराराचा कागद तयार ठेवतो. सही करून टाका. आणि हे टब पुढच्या वेळी दोन रंगांचे पाहिजेत."

"गेल्या सणापासून मागतेय मी," बोगिमबाई म्हणाल्या. "मला हात द्या आधी. उठता येत नाहीये."