अंगावरचं, वरचं आणि भोंगी

डेपोत तिला सगळे कप्तान म्हणत. नऊ वर्षं ती अकरा नंबरची बस चालवत आली होती. अरुंद पुलावर समोरून ट्रक आला तरी तिचा आवाज कधी चढला नव्हता. दिवस गेल्यावरही ती काम सोडायला तयार नव्हती. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तेव्हा साहेबांनी अक्षरशः हात जोडून तिला घरी पाठवलं.

मुलगी झाली. अंगाने काडीपेटी, पण आवाज असा की वॉर्डातल्या बाकीच्या आया दचकून उठून बसायच्या. नवऱ्याने तिथल्या तिथे तिचं नाव भोंगी ठेवलं. दाखल्यावर दुसरं नाव लागलं, पण ते दाखल्यावरच राहिलं.

कप्तानने आधीच ठरवून टाकलं होतं की बाळाला अंगावरच पाजायचं, बाटलीला घरात थारा नाही. पण दहाव्या दिवशी दवाखान्यात भोंगीचं वजन केलं, तर ते जन्माच्या वेळेपेक्षा अडीचशे ग्रॅम कमी भरलं. सिस्टरने बाळाला कसं धरायचं, तोंड कसं नीट लावायचं ते दाखवलं आणि म्हणाली, "आधी अंगावर पाजा, मग वरचं थोडं द्या. सध्या कपानेच. वजन सावरलं की बंद करू."

"म्हणजे माझं पुरत नाही?"

"आत्ता पुरत नाहीये. पुढचं पुढे बघू."

त्या दिवशी घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवून त्याच्याकडेच बघत उभी राहिली. डोळ्यांतून धार लागली होती. बाळंतपणासाठी आलेली तिची आई मागून आली, गॅस बारीक केला आणि कप धुवायला लागली.

पंधरवड्यात वजन सावरलं. दूधही चांगलं उतरायला लागलं आणि तो कप फडताळात गेला. कप्तानची मान पुन्हा ताठ झाली. भोंगीच्या मांड्यांना वळ्या पडल्या, तेव्हा शेजारणीला त्या दाखवताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की जणू त्या वळ्या तिने स्वतः हाताने घातल्या होत्या.

मग रजा संपत आली, आणि घरात दोन पक्ष पडले.

"आणखी सहा महिने रजा टाक," आई म्हणाली. "अंगावरचं ते अंगावरचं. बस काय पळून चाललीय?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं वेगळं. "डब्यातलं दूध सुरू करून टाकू. तुझी ओढाताण तरी थांबेल. लाखो मुलं त्यावर वाढतात."

दोघंही पोटतिडकीने बोलत, आणि म्हणूनच तिला दोघांवर चिडता येईना. तिच्या घालमेलीचं खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिने एका दुपारी सासऱ्यांना सांगितलं. सासरे निवृत्त घड्याळजी. खिडकीजवळच्या टेबलावर अजूनही कुणाकुणाची घड्याळं उघडून बसायचे.

"बाबा, मला बसची आठवण येते," ती म्हणाली. "भोंगी मांडीवर असते आणि मी मनात थांबे मोजत असते. असं वाटणं बरोबर नाही ना?"

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "सूनबाई, तिला दूध हवंय. तुम्हा तिघांचं एकमत नकोय. तू असशील तेव्हा अंगावर पाज. जाताना काढून ठेवून जा, दिवसा मी पाजीन. कमी पडलं तर डब्यातलं आहेच."

"तुम्ही पाजणार?" आईने दारातूनच विचारलं.

"बाटली धरायला मिशा आड येत नाहीत," सासरे म्हणाले.

ठरलं खरं, पण भोंगीला कुणी विचारलं नव्हतं. बाटली तोंडाशी नेली की ती अशी किंचाळायची, की लिफ्टच्या खडखडाटाला सरावलेला तिचा बाप कानावर हात ठेवून बाहेर जायचा. आईने प्रयत्न केला, खुद्द कप्तानने केला. चार दिवस दूध भोंगीच्या पोटाऐवजी झबल्यावरच गेलं.

पाचव्या दिवशी सासऱ्यांनी बाटलीचं निपल मागून घेतलं, भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ न्याहाळलं. "भोक केवढं मोठं आहे. पोरीच्या तोंडात नळ सोडल्यासारखं होतंय," म्हणत ते चपला घालून निघाले आणि बारीक भोकाचं निपल घेऊन आले. ते उकळत ठेवून सुनेला म्हणाले, "आता तू बाहेर जा. तुझा वास आला की ती दुसरं काही घेणार नाही."

कप्तान गेली, ती थेट डेपोत. धुवून उभ्या केलेल्या बसमध्ये चढून आपल्या सीटवर बसली. तासाभराने घरी परतली, तर भोंगी टेबलाशी आजोबांच्या मांडीवर जवळजवळ बसल्यासारखी, बाटली आडवी धरलेली, चार घोट झाले की आजोबा बाटली खाली करत. भोंगी श्वास घेई आणि स्वतःच पुन्हा तोंड पुढे करी.

"साठ मिली," सासरे हळूच म्हणाले.

कप्तानला हायसं वाटलं आणि त्याच दमात छातीत एक कळही उठली. आपल्यावाचून चालतंय की हिचं. मग तिने पदराखाली घेतल्यावर भोंगीने पोट भरलेलं असूनही दोन घोट घेतले, तिच्या बोटाला घट्ट धरलं आणि झोपून गेली. कळ ओसरली.

कप्तान कामावर रुजू झाली, पण तिथे दूध काढायला जागा नव्हती. प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तू ठेवायची एक खोली होती. तिथे छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे आणि चक्क एक कवळी होती. ती खोली सांभाळणाऱ्या बाईंनी रोज जेवणाच्या सुट्टीत दारावर 'मोजदाद चालू आहे' अशी पाटी लावायला सुरुवात केली. साहेबांनी एकदा विचारलं, "एवढी रोज कसली मोजदाद?" त्यावर बाई म्हणाल्या, "छत्र्या फार झाल्यात." साहेब समजले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनीच आतून लावायची कडी बसवून दिली.

पाचव्या महिन्यात दूध जरा आटलं. कप्तानने या खेपेला डोळ्यांतून पाणी काढलं नाही. स्वतःच दुकानातून डबा आणला, त्यावर लिहिलेलं दोनदा वाचलं आणि किती पाण्याला किती चमचे ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सासऱ्यांच्या टेबलावर चिकटवलं. आईने आपल्या गावाहून फोनवर ते ऐकलं आणि एवढंच विचारलं, "वजन किती आता?" आकडा ऐकून म्हणाली, "मग ठीक."

सकाळी अंगावरचं, दिवसा बाटलीतलं, संध्याकाळी पुन्हा अंगावरचं असं घराचं चाक सुरळीत फिरू लागलं. संध्याकाळी सहाला ती दारात आली की भोंगी आजोबांच्या कडेवरून अख्खी तिच्याकडे झेपावायची. आजोबा खोटं रुसायचे. कप्तान आधी हात धुवायची, मग पोरीला घेऊन खिडकीजवळ बसायची. खाली रस्त्यावरून अकरा नंबर गेली, तर कोण चालवतंय ते आवाजावरून ओळखायची आणि पोरीला सांगायची, "हा गिअर जोरात टाकतो."