तिसरं शील

"मावशी, याला जरा धरा हं. डायपर ओला झालाय, तेवढं बघा."

आमच्या मॅनेजरच्या बायकोनं आपलं बाळ माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि ती आइस्क्रीमच्या रांगेत निघून गेली. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीचा फॅमिली डे होता. फुगे, लाऊडस्पीकर, पोराटोरांचा गोंधळ. माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळची ड्यूटी उरकून, पांढरी सुती साडी नेसून, तेल लावून घट्ट वेणी घालून, आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती खडकीहून दोन बस बदलत आली होती. तिनं बाळाच्या मानेखाली हात घातला आणि त्याला नीट धरलं. बाईंची अडचण आहे, असंच तिला वाटलं. आपल्याला पाळणाघराची आया समजलेत, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मी चार पावलांवर उभा होतो. सगळं ऐकलं होतं.

माझ्या टीममधली एक कोथरूडची बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, ती आया नाहीये! ह्याची मिसेस आहे ती!" टीम खो खो हसली. मॅनेजरची बायको जीभ चावत परत आली. "सॉरी हं. पण तुम्ही इतकं सराईतपणे घेतलंत ना त्याला!" पुन्हा हशा.

मीही हसलो.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्या बाळाचा डायपर बदलला आणि बाळ परत केलं. ओलं लेकरू तसंच परत देणं तिला जमलं नसतं.

आता दुसरं सांगतो. त्या कोथरूडच्या बाईबरोबर माझं तेव्हा सहा महिन्यांपासून चालू होतं. 'चालू होतं' हेही गुळमुळीतच झालं. मी बायकोला फसवत होतो.

आम्ही बौद्ध. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार, खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वस्तीतला पहिला इंजिनियर मी. कंपनीत आल्यावर आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा अर्धा सेकंद थांबायचा, हे मला पाठ झालं होतं. ही बाई पहिल्या आठवड्यात म्हणाली, "तुझं मराठी किती शुद्ध आहे रे! अजिबात वाटत नाही." काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही. पदक मिळाल्यासारखा घरी आलो. तिला दोष देत नाही. तिनं मला ओढलं नाही, मी माझ्या पायांनी गेलो.

आमच्या विहारात दर रविवारी वंदना मी घ्यायचो. लोकांकडे तोंड केलेलं पुढचं आसन माझं, माइक माझा. मी पंचशील सांगणार आणि मागून सगळी वस्ती म्हणणार. फॅमिली डेनंतर महिन्याभरानं, एका रविवारी, मोबाइल घरी चार्जिंगला राहिला. बायको मुलीचं आवरून मागून यायची होती. तेवढ्यात मेसेज वाजला आणि तिनं तो वाचला. मग मागचे सगळेच वाचले. तरी ती आली, बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसली. मी तिसऱ्या शीलावर आलो होतो. व्यभिचारापासून दूर राहीन, असं सांगणारं शील. मी ते खणखणीत म्हटलं. माझ्यामागून सगळे म्हणाले. फक्त तिचे ओठ मिटलेले होते. मला वाटलं, घसा बसला असेल.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तिसरं म्हणताना तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी 'अहो' होतो.

तिनं मोबाइल पुढे धरला. मीच त्या बाईला लिहिलं होतं, "तुझ्याशी बोललं की माणसात आल्यासारखं वाटतं."

"म्हणजे मी कोण?" तिनं विचारलं. "तुझ्या आजोबांनी माणसात यायला दीक्षा घेतली. तू तिच्याकडे गेलास."

त्याच आठवड्यात मी ते सगळं तोडलं, प्रोजेक्ट बदलून घेतला आणि मला वाटलं, संपलं. चूक सापडली, काढून टाकली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एवढंच येतं.

संपलं नव्हतंच. आत्ता कुठे सुरू झालं होतं. मेथी निवडताना ती मध्येच विचारायची, "फॅमिली डेला चालू होतं का?" मुलीची रिबन बांधता बांधता हात थांबायचे, मग ती न्हाणीत जाऊन नळ सोडायची. एकदा भरलं ताट भिंतीवर मारलं. एकदा टीव्ही बघताना हसली आणि हसता हसता तिला श्वास घेता येईना. आणि रोज एक प्रश्न ठरलेला. "का हसलास?"

मी उत्तरं द्यायचो. गांगरलो होतो. सगळे हसले म्हणून हसलो. लक्षातच आलं नाही. दोन आठवड्यांनी मी चिडलो. "किती वेळा तेच तेच?"

ती शांतपणे म्हणाली, "जखमेचं ड्रेसिंग रोज बदलावं लागतं. पेशंट रोज ओरडतो. काल ओरडलात की, असं म्हणून मी वॉर्डातून परत येत नाही."

त्या दिवसापासून मी बसायला शिकलो. ती बोलायला लागली की उठायचं नाही. पाणी आणतो म्हणून सटकायचं नाही. रडायचंही नाही. कारण मी रडलो की ती मला पाणी द्यायची. दोनदा दिलं. मार खाणाऱ्यानंच मारणाऱ्याचा हात चोळून द्यायचा, असला तो प्रकार होता. माझी मलाच शिसारी आली.

मग एक दिवस माझी आई आणि विहाराचे अध्यक्ष काका घरी आले. कुठून कळलं, माहीत नाही. वस्तीत भिंतींना कान लागतच नाहीत, भिंतीच पातळ असतात.

आई म्हणाली, "पोरी, पुरुषाचं पाऊल घसरतं कधी. परत आला ना? मनावर घेऊ नको."

काका म्हणाले, "वस्तीतला पहिला इंजिनियर आहे. त्याच्याकडं बघून पोरं शिकायला लागलीत. समाजाची बदनामी नको, बाई."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बायको आईचा रिकामा कप उचलायला वाकली आणि मला तिचा चेहरा दिसला. फॅमिली डेचाच तो चेहरा. कंपनीत पहिल्या वर्षी एकजण मला म्हणाला होता, "तुमचं काय बाबा, सवलतीत इंजिनियर झालात." तेव्हा एका मित्रानं खांद्यावर हात ठेवला होता. "मनावर घेऊ नको." त्या हाताचं वजन मी विसरलेलो नाही. तो हात धीर द्यायला नसतो, गप्प बसवायला असतो. आज तो तिच्या खांद्यावर होता. आणि तो मला वाचवायला होता.

"आई, काका," मी म्हणालो, "तिला समजवायला पुन्हा येऊ नका. घाण मी केलीय. माफ करायचं की नाही, राहायचं की जायचं, ते ती ठरवेल. आणि समाजाची बदनामी तिच्या बोलण्यानं होत नाही. माझ्या करण्यानं झालीय."

"बायकोचा बैल झालास," आई म्हणाली. काका चहा तसाच ठेवून उठले.

ते गेले आणि मला स्फुरण चढलं. बायकोला म्हणालो, "रविवारी विहारात उभा राहतो. सगळ्यांसमोर कबूल करतो."

"कर ना," ती म्हणाली. "लोक म्हणतील, केवढा प्रामाणिक माणूस. टाळ्याही वाजवतील. मी खाली बसून सगळ्यांच्या नजरा झेलीन. तिथंही पुढचं आसन तुझंच."

माझी हवा गेली.

"त्यापेक्षा का हसलास, ते सांग."

मी जमिनीवर बसलो. या वेळी खरं बोललो. "तुझा अपमान झाला, असं मला वाटलंच नाही. मला तुझी लाज वाटली. साडीची, वेणीच्या तेलाची. तुला बघून त्यांना कळेल मी कुठला, याची भीती वाटली. म्हणून मी त्यांच्या बाजूला उभा राहून हसलो."

तिनं काकांचा गार झालेला चहा मोरीत ओतला. मग म्हणाली, "आज खरं बोललास." माफ केलं म्हणाली नाही. आपली उशी उचलून मुलीच्या खोलीत गेली. दारातून वळून म्हणाली, "मी अजून काही ठरवलेलं नाही."

रविवारी काकांनी नेहमीसारखी माइककडे खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली आणि चपलांजवळ, शेवटच्या रांगेत बसलो. कॉलेजातल्या एका मुलीनं पंचशील सांगितलं. तिसरं आलं तेव्हा मी तोंड मिटून बसलो. बायकोचा आवाज एवढ्या आवाजांतून मला वेगळा ऐकू आला.

ती राहील की जाईल, मला माहीत नाही. जायची म्हणाली तर आडवा येणार नाही आणि कुणाला येऊ देणार नाही. पुढच्या आसनावर मी पुन्हा बसणार नाही. कंपनीत आता कुणी कुणाला हसलं, तर त्या हशात माझा आवाज नसेल. आणि तिनं शंभराव्यांदा विचारलं, तरी एक शब्दही गाळणार नाही.

काल भाजी निवडताना तिनं पुन्हा विचारलं, "का हसलास?" मी हातातलं काम बाजूला ठेवलं, तिच्या समोर बसलो आणि 'मावशी, याला जरा धरा' इथून सांगायला सुरुवात केली.