झिजलेला स्क्रू आणि अकरा गुरुवार

दुकानात तिला सगळे 'सर्जन' म्हणत. रक्तदाब मोजायची, वाफ घ्यायची असली नाजूक यंत्रं दुरुस्त करणारं ते दुकान, आणि खिडकीजवळचं टेबल तिचं. मालक गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, "बिनधास्त ठेवून जा. आमच्या बाईंच्या हातून आजवर एका डबीला ओरखडा उठलेला नाही." सत्तावीस वर्षं तिने हे नाव राखलं. हात घसरला तो घरी, वडिलांच्या वस्तूवर.

बाबांनी टपालावर शिक्के मारणाऱ्या यंत्राशेजारी अख्खी नोकरी काढली आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. खिशात ठेवायचं जुन्या पद्धतीचं श्रवणयंत्र ते वापरत. काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. कानामागे बसवायची नवी यंत्रं तिने दोनदा आणून पाहिली. "कानात डास शिरल्यासारखं वाटतं," म्हणून बाबांनी दोन्ही परत करायला लावली. जुनी डबी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ती फुटली तर दुसरी मिळायची सोय नव्हती.

तसं बाबांना जगाचं फारसं ऐकायचंही नव्हतं. त्यांना हवा होता तो गुरुवार. दर गुरुवारी सकाळी अकराला त्यांच्या टपालातल्या जुन्या दोस्ताचा लांबच्या गावाहून फोन यायचा. एकाचे कान गेलेले, दुसऱ्याचे डोळे. पत्र लिहून उपयोग नाही, म्हातारपणी एवढा प्रवासही झेपत नाही. बाबा फोन कानाला न लावता खिशातल्या डबीला लावून ऐकत आणि मग तोंडाशी आणून ओरडत. बोलणं काय, तर तीस वर्षांपूर्वी टपालाची एक थैली भलत्याच गाडीत कुणी चढवली, यावर भांडण. फोन ठेवताना दोघंही जिंकल्यासारखे खूश.

एका बुधवारी सकाळी डबी खरखर करून बंद पडली. ती कामावर निघालेली. खांद्याला पर्स, पायात चपला. "दोन मिनिटांचं काम," म्हणत तिने स्वयंपाकघराच्या खणातला, हाताला लागेल तो स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक स्क्रूच्या मापाचं नव्हतं, हे तिला दिसत होतं. तीन स्क्रू निघाले. चौथ्यावर टोक कर्रकन घसरलं, आणि चौथ्याच्या डोक्यावरची अधिकच्या चिन्हाची खाच झिजून वाटीसारखी गोल झाली. दुकानात दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर तिने त्याला उभा सोलला असता.

'सुट्टीच्या दिवशी बघते,' असं तिने, यंत्र नसलं की बाबांशी बोलायला ठेवलेल्या वहीत लिहिलं. दुकानाला सुट्टी गुरुवारीच असायची.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. "कुठाय तो बहिरा?" दोस्ताने विचारलं.

"काका, यंत्र बिघडलंय. नीट झालं की मीच फोन लावून देते."

"बरं. तोवर त्याला सांग, थैली त्यानेच चढवली होती. म्हणावं, उत्तर दे!"

"सांगते हं."

गॅसवर दूध वर येत होतं. बादलीत कपडे भिजत पडलेले. आता वही शोधा, लिहा, बाबांचं उत्तर ऐका, ते परत काकांना कळवा. खिडकीतल्या खुर्चीवरून बाबांनी विचारलं, "त्याचा होता?" तिने नुसता हात हलवला. नाही. तोंडाने खोटं बोलावंही लागलं नाही.

आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर पुढच्या गुरुवारी 'हो' कसं म्हणायचं? मागचं सगळं उकरावं लागलं असतं. मग हात हलवणं अंगवळणी पडलं. काका दर वेळी काहीतरी निरोप द्यायचे, ती 'सांगते' म्हणायची. डबी तीन स्क्रू काढलेल्या अवस्थेत कपाटात पडून. ती उघडायची म्हणजे सगळा दिवस जाणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आठव्या गुरुवारी फोन आला नाही. नवव्याही नाही. तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

अकराव्या गुरुवारी बाबांनी न्याहारीला बसल्यावर आपणहून म्हटलं, "राहू दे ते यंत्र. त्याने टाकलंच मला. आता कुणाचं ऐकायचंय?"

ती घास तसाच टाकून उठली. हात धुऊन तिने दुकानातून आणून ठेवलेली अवजारं टेबलावर मांडली. स्क्रूभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे टोक घसरलं तरी प्लास्टिकवर चरा उठणार नाही. रुंद रबरबँडचा तुकडा खाचेवर ठेवून, मापाचं टोक मनगटाच्या भाराने दाबत हळूच फिरवलं. रबर फाटलं, स्क्रू ढिम्म. मग सोल्डरिंगची तापलेली सळई स्क्रूच्या डोक्याला दोन सेकंद टेकवून लगेच उचलली. आटे चिकटवलेले असले तर तेवढ्या उबेने सुटतात, पण क्षणभर जास्त झालं तर प्लास्टिक मऊ पडतं. तरी नाही. शेवटी बोटांत धरून फिरवायचं बारीक ड्रिल घेतलं. एक वेढा, फुंकर, एक वेढा, फुंकर. धातूचा चुरा उडत राहिला आणि एकदाचं डोकं सुटून निघालं. झाकण अख्खं वर आलं. उरलेला खुंट चिमट्याने दोन वेढ्यांत बाहेर. आत एक वायर निखळलेली, तिला सोल्डरचा एकच टाका हवा होता; तो दिला.

घड्याळाकडे पाहिलं तर सगळं मिळून पाऊण तास झाला होता.

बाबांनी वायर कानात घातली. "पंखा वाजतोय की," म्हणाले आणि हसले. मग लगेच, "लाव त्याला. मीच विचारतो साल्याला."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो डबीला लावला. पलीकडे दोस्ताची सून होती. मोठ्याने बोलत होती, त्यामुळे शेजारी उभ्या लेकीलाही ऐकू आलं.

"काका, आमचे बाबा जाऊन महिना होत आला. तुम्हाला कळवणार होते, पण तुमचं यंत्र बिघडलंय, फोनवर बोलता येत नाही, असं ताई बाबांना म्हणाल्या होत्या. आजारपणातही 'गुरुवार कधी?' असं विचारायचे. म्हणायचे, त्या बहिऱ्याचं उत्तर आलं का?"

बाबांनी फोन खाली ठेवला. ते तिच्याकडे वळले.

"तो फोन करत होता?"

"सात वेळा केला, बाबा. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

दूध उतू जात होतं, कपडे भिजत होते, हे कारण म्हणून कसं सांगायचं? "कंटाळा केला," ती म्हणाली. आणि रडू लागली.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "लिहून दाखवायचंस गं. एका ओळीचं तर काम होतं."

पुढच्या गुरुवारी ती बाबांना गाडी करून दोस्ताच्या घरी घेऊन गेली. सुनेने चहा केला, रिकामी खाट दाखवली. बाबा तिथे तासभर बसले आणि एकदाच बोलले. "थैली मीच चढवली होती," ते सुनेला म्हणाले. "त्याला कधी कबूल केलं नाही." सुनेला काय समजलं कोण जाणे, तिने मान डोलावली.

आताशा बाबा संध्याकाळी लवकरच वायर कानातून काढतात आणि डबी उशाशी ठेवतात. बॅटरी वाचवायला, असं म्हणतात. ती खरं-खोटं विचारत नाही.