गॉल्जीची थप्पी आणि माझी लाल फुली

चूक माझी आहे, म्हणून इथे लिहितेय.

मी बालाघाटला, राइस मिलांच्या गावात, बारावीला बायोलॉजी शिकवते. मागच्या टेस्टमध्ये विचारलं होतं, पेशी उपाशी राहिली तर गॉल्जीत काय होईल? गॉल्जी म्हणजे पेशीतली चपट्या पिशव्यांची थप्पी. पेशीत बनलेली प्रथिनं तिथे पॅक होऊन पुढे पाठवली जातात.

लांजीच्या प्रणालीने लिहिलं, "थप्पी सांभाळणारे सफाईला जातील." मी फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "ही राइस मिल नाही."

आज सकाळी क्लासची तयारी करताना वाचलं. आपल्या पेशीत ग्लुकोज कमी पडलं, की थर जोडून ठेवणाऱ्या एका प्रथिनावरची साखरेची खूण उतरते. तोच त्याला इशारा. मग त्यातलं काही प्रथिन थप्पी सोडून जुना कचरा पचवायच्या कामाला लागतं. म्हणजे पोरीचं बरोबर होतं.

वर्गात तिला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"माझे बाबा मिलमध्ये पोत्यांची थप्पी लावतेत, मॅडम. धान येणं बंद झालं का त्यायलेच झाडू देतेत."

सगळ्यांसमोर माफी मागितली, मार्क दिले. मग सहज विचारलं, "बाबांना पेपर दाखवला होता?"

"नाही दाखवला. तुमी मिलचं लिहलं होतं न त्याच्यावर."

ती ओळ मी तिथेच खोडली. पण खोडल्यावरही वाचता येते. तुम्ही असता तर काय केलं असतं?