माघातला मुळा

मी पदवीधर झालो तो एका माणसामुळे, आणि त्या माणसाइतका चुकीच्या वेळी मुळा पेरणारा दुसरा इसम मालवणच्या किनाऱ्यावर जन्मला नाही. तो माणूस म्हणजे माझ्या आत्येचे यजमान. आमच्याकडच्या रीतीने त्यांना मामा म्हणायचे. तारकर्लीच्या वाटेवर, खाडीच्या आतल्या अंगाला त्यांचे घर होते. घराखालून व्हाळ वाहायचा आणि व्हाळाला लागून सरकारी जमिनीचा लांबट तुकडा होता. भाजीपाला करण्यासाठी वाडीतल्या प्रत्येक घराला त्यात एकेक वाफा दिला होता. तुळशीचे लग्न लागले की सगळी वाडी मुळा पेरायची आणि पौषात खाऊन मोकळी व्हायची. मग माघात, व्हाळाचे पाणी घोट्याखाली उतरले की मामांना आपली कुदळ कुठे ठेवली ते आठवायचे.

चैत्राच्या तोंडावर त्यांचा मुळा निघे. त्याला मुळा म्हणायचे ते नात्यापोटी. करंगळीएवढा जाड, आतून जाळी धरलेला, आणि तिखट असा की एक फोड खाल्ली तर दिवसभर जिभेला दुसरी चव कळू नये. आत्ये ताटे वाढताना म्हणायची, "ह्यांचो मुळो खावच्या आधी दात मोजून घेवा." मामा मात्र कोशिंबीर संपेपर्यंत पाटावरून उठत नसत. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते आम्हाला सांगत, "ह्येका म्हणतत मुळो. लोकांचो तो नुसतो पाण्याचो पोपडो."

वेळेवर पेरणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. शेजारच्या वाफ्यातला माणूस एकदा म्हणाला, "मामानू, आमचे मुळे खावन पचले. तुमचा बी अजून मडक्यातच?" मामांनी कुदळीवर हनुवटी टेकली. "आधी पेरल्यान तेकाय मुळोच, मागसून पेरल्यान तेकाय मुळोच. मगे धावतास कित्याक, मेल्या?" पाखरांबद्दलही त्यांचा एक सिद्धांत होता. "पाखरां तुमच्या वाफ्यात जेवतत. माझ्याकडे येतत ती सुपारी खावक." वास्तविक त्यांच्या वाफ्यात पाखरेही येत नसत. तिथे त्यांच्या कामाचे काही नव्हते. एकदा ग्रामसेवक हंगामाचा छापील तक्ता घेऊन आले. सरकारी माणूस दिसला की मामांची भाषा ताठ होत असे. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून ते म्हणाले, "साहेब, आपण मुळा खाता, की नुसता छापता?"

लग्नाला जात ते लोक हात धूत असताना. जत्रेला पोचत ते दशावताराचे पेटारे बैलगाडीवर चढताना. कोणी हसले तर म्हणत, "गर्दी सरली काय, देव बोलाक मोकळो आसता." याच उशिराच्या खोडीने माझे मात्र भले केले. गुरे राखण्यात माझी वर्षे गेली होती. हायस्कुलात जायची वेळ आली तेव्हा मला मिसरूड फुटले होते आणि वडील म्हणत होते की आता काय शिकतलो. मामा येऊन मला आपल्या घरी घेऊन गेले. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा ते म्हणाले, "उशिराचा आहे, मास्तर. पण बी निवडून आणलंय." मी मॅट्रिक झालो, कोल्हापूरला जाऊन बी. ए. झालो आणि तालुक्याच्या कचेरीत कारकून होऊन परत आलो.

नेमके त्याच वर्षी वरून फर्मान निघाले. डिसेंबरअखेर ज्याची पेरणी नाही, त्याचा वाफा पुढल्या साली दुसऱ्याला. तलाठ्याची यादी माझ्याच टेबलावर आली. मामांच्या नावापुढे 'फेब्रुवारी' लिहिले होते. ज्याचे अन्न खाऊन मी शिकलो, त्याचा वाफा माझ्याच लेखणीने जाणार होता. मी तो शब्द खोडून 'नोव्हेंबर' लिहिले. आयुष्यातली ती माझी पहिली लबाडी.

यादी चावडीवर लागली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मामा कचेरीत हजर. दारात शिपायाला त्यांनी शुद्ध मराठीत विचारले, "कारकून साहेब आहेत का?" माझ्या टेबलापाशी आल्यावर आवाज खाली आणला. "ह्या नोव्हेंबर कोणी लिवल्यान?"

"मी, मामानू. वाफो जायत म्हणान."

"वाफो जायत तर जावंदे. पण चावडेर माझा नाव उतावळ्यांच्या रांगेत लावलंस. वाडी हसता माका. म्हणतत, मामा सुधारलो."

"दुसरा काय करतलंय होतंय?"

"खरा लिवतलंस होतंस. तेच्यासाठीच शिकयलंय तुका." मग खिशातून चष्मा काढत म्हणाले, "फेब्रुवारी लिव. आणि अक्षर बरा काढ."

मी लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, शाई वाळेपर्यंत उभे राहिले आणि छत्री उचलून परतीची एसटी पकडायला गेले. आयुष्यात त्यांना एसटी वेळेवर मिळाल्याचे तेवढेच उदाहरण.

पुढे कचेरीतून नोटीस निघाली आणि वाफा शेजाऱ्याला मिळाला. तो तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी पेरून मोकळा झाला. माघात मी घरी गेलो तेव्हा आत्ये मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "रोज सकाळी बियाचा मडक्या उतरयतत, राख झाडून बी बघतत आणि परत ठेवतत." मामा पडवीत पाठमोरे बसले होते. व्हाळाकडचे दार त्यांनी लावून घेतले होते. कचेरीत परत आल्यावर हे पत्र लिहिले:

*तीर्थरूप मामांचे सेवेशी, बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. वाफ्याची नोटीस आपणांस पोचली त्यास बरेच दिवस झाले. तीतले अक्षर माझे होते, हे आपण ओळखलेच असेल. नोटिशीबरोबर दोन ओळी लिहायला हव्या होत्या, त्या आज लिहीत आहे. माझ्या खोलीमागे विहिरीच्या कडेला चार हात जागा पडीक आहे. घरमालकांना विचारले. ते म्हणाले, आता माघ सरत आला, आता काय पेरणार? मी त्यांना सांगितले की ते आपणांस विचारू नये. आत्येस घेऊन यावे व बी आणावे. कुदळ मी घेऊन ठेवली आहे. विहिरीस वैशाखापर्यंत पाणी असते. सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर मी शिंपीन.*