पेटीतला स्फटिकाचा डोंगर

माझा राग नाकावर असतो, हे मी शिकवते त्या वर्गातली पोरंही सांगतील. रागात मी भांडी आपटली, माणसं तोडली, आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले. पण वेणा नदीच्या पुलावरून फेकलेली ती एक वस्तू काही केल्या मनातून जात नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे हिंगणघाटला राहायला आले, ते एक पत्र्याची पेटी घेऊन. जन्मभर मिलमध्ये राबलेला माणूस. "चौथी पास हाव मी," असं सगळ्यांना सांगायचे. सही करताना मात्र पेन काठीसारखं सरळ उभं धरायचे आणि एकेक अक्षर चितारत बसायचे. दर वर्षी पेन्शनच्या कागदावर सही करताना मी खेकसायची, "बाबा, पेन तिरपं धरा की! झेंडा रोवता का?" ते नुसते हसायचे.

त्या वर्षी वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, बौद्ध ग्रंथवाचन आमच्या घरी होतं. वस्तीतली सगळी माणसं येणार, म्हणून मी घर झाडायला काढलं. बाबा दवाखान्यात गेले होते. त्यांची पेटी आवरायला घेतली, तर तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला एक दगड निघाला. काचेसारखा आरपार दिसणारा, हाताला थंड लागणारा, चार बोटं लांब. वर पाच टोकं कोरलेली, आणि त्यांच्या खाचांमध्ये लाल शेंदूर!

माझं डोकंच फिरलं. आमच्या माणसांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. काही म्हाताऱ्यांचा धीर झाला नाही, त्यांनी आपली मरीमाय ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवली. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या. पण माझा बाप? रोज सकाळी वंदना म्हणणारा? वा रे वा, वरून कीर्तन आणि आतून तमाशा!

विचारायचं तरी होतं मी. नाही विचारलं. गाडी काढली, पुलावर गेले, आणि पुराच्या गढूळ पाण्यात दगड फेकून दिला. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "बाई, माह्या पेटीतला दगड कुठी हाय?"

"वेणेत. या वयात देव लपवता, बाबा? लाज नाही वाटत?"

"फेकला? बरं," ते एवढंच म्हणाले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. चोरी पकडली गेली म्हणून रुसलेत, असं मी समजले.

दोन महिन्यांनी माझी मुलगी नागपूरहून सुट्टीत आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, आबाजींचा तो चिनी डोंगर दे ना, फोटो काढायचाय."

"कसला डोंगर?"

तेव्हा तिच्याकडून मला माझ्या बापाची गोष्ट कळली. धम्म घेतला त्यानंतरच्या वर्षांत एक म्हातारे चिनी भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, त्यांच्या गावाजवळ राहायला आले होते. बाबा वीस-एकवीस वर्षांचे, शाळेची पायरी न चढलेले, त्यांचा स्वयंपाक करायचे. भन्तेंना नागरी अक्षरं येत होती. त्यांनी बाबांच्या हातात कुंचला दिला आणि अ, आ गिरवून घेतलं. चीनमध्ये कुंचला उभाच धरतात. लिहून झालं की ओला कुंचला त्या पाच टोकांच्या मधे टेकवायचा. त्यासाठीच विद्वानांच्या मेजावर असले स्फटिकाचे डोंगर कोरून ठेवत. भन्तेंकडे तो त्यांच्या गुरूंच्या गुरूंकडून आलेला. जाताना त्यांनी तो बाबांना दिला. खाचांमधला तो शेंदूर नव्हता, भन्तेंच्या शिक्क्याची लाल शाई होती.

"तुला कसं माहीत हे सगळं?"

"आबाजींनीच सांगितलं. म्हणाले, तुह्या मायले नोको सांगू. मास्तरीण हाय ते, बाप शाळेत गेलता नाई म्हणून हासन."

मी बाबांच्या खोलीत गेले. त्यांचे पाय धरले आणि रडत म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं."

"तू देव समजून फेकला," ते म्हणाले. "आमीबी तसेच फेकलते. तुह्यी काय चूक? म्याच सांगतलं नाई." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "पन खरं सांग बाई, सांगतलं असतं तं हासली असती का?"

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी खोटंच "नाही" म्हणाले होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली होती.