हळदीचा वास

काल कांदिवलीला नातवाची गाडी तापली. खाली हिरवं पाणी ठिबकत होतं. "रेडिएटर लीक आहे, आजी," तो म्हणाला. मला मात्र करपलेल्या हळदीचा वास आला.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ती दुपार. तापाने फणफणलेल्या आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वडील, आमचे अण्णा, शेजाऱ्यांची मोटार मागून आणून तिला इस्पितळात नेत होते. याच रस्त्यावर बॉनेटमधून वाफ उसळली. गावठाणातल्या एका ख्रिस्ती बाईने कळशीभर पाणी आणि मूठभर हळद आणून दिली. रेडिएटरचं बारीक छिद्र हळदीने बुजतं, हे तेव्हा सगळ्या मोटारवाल्यांना ठाऊक असे. वाफ ओसरल्यावर अण्णांनी ओल्या फडक्याने झाकण फिरवलं. घाईघाईत पाणी ओतलं, हळद टाकली. थोडी हळद तापलेल्या लोखंडावर सांडली.

आई डोळे न उघडता म्हणाली, "फोडणी जळतेय गं. आच कमी कर ना."



"केली, आई," मी म्हटलं.

तिच्या कपाळावरची आठी गेली. गळतीही थांबली, आम्ही इस्पितळात पोचलो. आई परत आली नाही.

तिला आपण कुठे आहोत हेही कळत नव्हतं, या विचाराने मी वर्षानुवर्षं रडले. आता वाटतं, ती त्या रस्त्यावर नव्हतीच. ती तिच्या स्वयंपाकघरातून गेली.